माळेत शेजारणीच्या नावाचा मणी नाही



आपल्या घरांमध्ये कर्मसिद्धान्ताचा एक विचित्र वापर चालतो. आज त्यावर जरा स्पष्ट बोलते, राग आला तरी चालेल. शेजारच्यांचं नुकसान झालं की आपण मान हलवून म्हणतो, "ज्याचं त्याचं कर्म." तेच आपल्या दारात आलं की कर्म आठवत नाही. आठवते ती सून, जाऊ, कामवाली, मुलाचे सर, नाहीतर कुणाची तरी नजर. म्हणजे दुसऱ्याचं दुःख त्याच्या कर्मानं आणि आपलं दुःख दुसऱ्याच्या चुकीनं! स्वाध्यायाला पहिल्या रांगेत बसून आपण हेच शिकतो का?

साधं पिठाचं घ्या. डब्यात अळ्या झाल्या की गिरणीवाल्याचा उद्धार होतो. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7, हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. मग श्रावणात महिन्याभराचं दळण एकदम कुणी आणलं? गिरणीवाल्यानं तर नाही. शुगरचंही तेच. रिपोर्ट आला की "असाता वेदनीयाचा उदय हो, काय करणार!" उदय असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्या उदयाला रोज जेवणानंतर दोन जिलब्यांचं निमित्त कोण पुरवतं?

ही झाली हसण्यासारखी उदाहरणं. पायगुण हा शब्द मात्र हसण्यासारखा नाही. लग्नानंतर वर्षभरात धंदा बसला, सासऱ्यांना झटका आला, की घरातली सगळ्यात नवी आणि सगळ्यात गप्प बाई गुन्हेगार ठरते. उधारीवर माल कुणी दिला, बीपीची गोळी कुणी चुकवली, हे कुणी विचारत नाही. जैन म्हणवणाऱ्या घरात दुसऱ्याच्या पायांनी आपलं कर्म उदयाला आलं असं मानणं म्हणजे सरळ सरळ मिथ्यात्व आहे. त्याला सौम्य शब्द माझ्याकडे नाही.

जपाला 108 मणी का, याचा एक हिशोब पाठशाळेत शिकवतात. त्याचं मूळ तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे 3. (समारंभ म्हणजे लग्नाचा नव्हे, पाप करायचं मनाशी ठरवणं, त्याची तयारी करणं आणि ते सुरू करणं, या अर्थानं.) मन, वचन, काय हे 3. स्वतः केलेलं, करवलेलं, अनुमोदन दिलेलं हे 3. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे 4 कषाय. गुणाकार करून पाहा, 108 होतात. कर्म आत यायची ही सगळी दारं आपल्याच घराची आहेत. "तिनं मला बोलायला लावलं" असा मणी माळेत कुठेच नाही. उलट दुसरीनं सुनेला टोमणा मारला आणि आपण नुसतं हसलो, तर त्या अनुमोदनाचा मणी आहे.

आता कुणी म्हणेल, मग सुनेनंही सोसावं, तिचंही कर्मच ना! हीच ती लबाडी. तिचं कर्म तिनं पाहावं. तिला त्रास देणाऱ्यानं ते तिच्या पदरात टाकू नये. निमित्त होणाराही स्वतःचं नवं कर्म बांधतच असतो, त्यातून त्याची सुटका नाही. मार खाणाऱ्या बाईला "तुझंच कर्म" म्हणणारी स्वतःच्या खात्यात वचनाचं पाप लिहिते. अशा बाईनं पोलिसांत जावं, डॉक्टरनं हयगय केली तर रीतसर तक्रार करावी. स्वतःची जबाबदारी घेणं म्हणजे दुसऱ्याची माफ करणं नव्हे.

मैनासुंदरीची कथा आपण याच कामासाठी वापरतो, मुलींना गप्प बसवायला. नीट वाचा. मी माझ्या कर्माचं खाते, असं ती राजाला, म्हणजे स्वतःच्या बापाला, तोंडावर सांगते. त्या रागात तो तिला कुष्ठरोगी श्रीपालाला देऊन टाकतो. ती बापाच्या नावानं बोटं मोडत बसत नाही, आणि "नशीब माझं" म्हणून हातावर हात ठेवूनही बसत नाही. सेवा करते, सिद्धचक्राची आराधना करते. आणि कथा राजाला शहाणा ठरवत नाही. त्याच्या अहंकाराचीच तर ती गोष्ट आहे. मैनेच्या तोंडी 'कर्म' हा शब्द स्वतःपुरता होता. आपल्या तोंडी तो नेहमी समोरचीसाठी असतो.

दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला मोबाइलवर हात जोडलेल्या चित्रांचा पूर येतो. "जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर..." असेल तर! वर्षभर प्रतिक्रमण करून चूक झाली की नाही हेच अजून ठरलेलं नाही. यंदा ते चित्र पाठवण्याआधी, आईंच्या दागिन्यांच्या वाटणीपासून जिच्याशी बोलणं बंद आहे त्या जावेला फोन लावा. "असेल तर" म्हणू नका. त्या दिवशी आपण नेमकं काय बोललो होतो ते सांगा, आणि ती काय बोलली होती ते तिचं तिला आठवू द्या.