सरकारने अनुदान थांबवलं, तर अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर गदा येते का?

संस्थांना अनुदान देण्याची सरकारवर सक्ती नसते. मग ते बंद झालं म्हणून एखादी संस्था अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर कोर्टात कशी जाते? अमेरिकेत सध्या हाच वाद गाजतोय.

नेमकं काय घडलं?

अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची ना-नफा संघटना आहे. घरगुती आणि लैंगिक हिंसाचार सोसलेल्यांचे खटले लढवणाऱ्या वकिलांना ती प्रशिक्षण देते. त्यासाठी न्याय विभागाची सुमारे ३२ लाख डॉलरची पाच अनुदानं तिच्याकडे होती.

ट्रम्प सरकारने परदेशी मदत रोखली, त्याविरोधातल्या खटल्यात ही संघटना उतरली. ९ एप्रिल २०२५ रोजी न्याय विभागाने आपल्या वकिलांना संघटनेच्या कार्यक्रमांत भाग घ्यायला मज्जाव केला. दुसऱ्याच दिवशी पाचही अनुदानं रद्द झाली. 'हे काम आता आमच्या प्राधान्यक्रमात बसत नाही,' असं कारण देण्यात आलं.

पण तसंच काम करणाऱ्या इतर संस्थांची अनुदानं सुरूच होती. न्यायाधीश ख्रिस्तोफर कूपर यांनी नेमकं हेच हेरलं. ही कारवाई सूडाची दिसते, असं सांगत त्यांनी १४ मे रोजी ती रोखली.

रेषा कुठे आहे?

सरकार आपल्या पैशांतून चालणाऱ्या प्रकल्पात काय बोलावं, हे ठरवू शकतं. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी निधीवरच्या कुटुंबनियोजन प्रकल्पांत गर्भपाताचा सल्ला देण्यावरची बंदी वैध ठरवली होती.

पण प्रकल्पाबाहेर संस्थेने कोणतं मत बाळगावं, हे सरकार पैशांच्या जोरावर ठरवू शकत नाही. २०१३ चा निकाल याच मुद्द्यावर होता. एचआयव्ही प्रतिबंधासाठी निधी हवा असेल, तर संस्थेने आपण वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याची भूमिका जाहीर करावी, अशी अट २००३ च्या कायद्यात होती. अमेरिकी संस्थांपुरती ती अट सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध २ अशा मतांनी घटनाबाह्य ठरवली.

सांगलीचा काय संबंध?

या अटीची झळ सांगलीपर्यंत पोहोचली होती. देहविक्रय करणाऱ्या महिलांसोबत काम करणाऱ्या 'संग्राम' या संस्थेने २००५ मध्ये ही अट नाकारली आणि अमेरिकी निधीवर पाणी सोडलं. ज्या महिलांच्या भरवशावर एचआयव्ही रोखण्याचं काम उभं राहिलं, त्यांच्याच विरोधात लिहून कसं द्यायचं, हा प्रश्न होता.

अशा संस्थांना पुढेही दिलासा मिळाला नाही. अमेरिकी राज्यघटनेचं संरक्षण परदेशी संस्थांना लागू होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

खटला जिंकला की प्रश्न सुटला?

तसं नाही. रद्द झालेल्या अनुदानाचे वाद हे कराराचे वाद आहेत, त्यामुळे ते वेगळ्या कोर्टात न्यावेत, असं सरकार म्हणतं. एप्रिल २०२५ मध्ये शिक्षण विभागाच्या अनुदानांबाबत सुप्रीम कोर्टाने हा युक्तिवाद ५ विरुद्ध ४ मतांनी प्रथमदर्शनी मान्य केला. म्हणूनच अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा मुद्दा संस्थांसाठी महत्त्वाचा ठरतो. कारण तो कराराचा नाही, घटनेचा प्रश्न आहे.

मात्र हेतू सिद्ध करणं अवघड असतं. बार असोसिएशनकडे तारखांचा पुरावा होता. प्रत्येक संस्थेकडे तो असतोच असं नाही. आणि निकाल येईपर्यंत पगार थकतात, प्रशिक्षणं थांबतात. ते बघून इतर संस्था आधीच गप्प बसल्या, तर त्याविरुद्ध कोणत्याच कोर्टात दाद मागता येत नाही.