'सामान्य माणसाला झेपणार नाही' म्हणे!

संगणकाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "लिनक्स चांगलं असेल हो, पण ते सामान्य माणसाचं काम नाही." बोलणाऱ्याच्या खिशात बहुधा अँड्रॉइडचा फोन असतो आणि अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचंच कर्नल असतं. पण हा झाला नुसता चिमटा. फोनच्या पोटातलं कर्नल कुणाला दिसत नाही, तेव्हा एवढ्यावर वाद जिंकला म्हणणं लबाडीचं होईल.

आक्षेप खरा असा आहे : विंडोज हाताला बसलंय, ते सोडलं तर सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. ठीक. मग हाताला बसलेलं मोडतं कोण, तेही बघू. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि स्टार्टचं बटणच गायब झालं. लोकांनी ओरड केली, तेव्हा पुढच्या वर्षी ८.१ मध्ये ते परत आलं. विंडोज ११ मध्ये तेच बटण डाव्या कोपऱ्यातून उचलून मधोमध आणून ठेवलंय. सेटिंगमध्ये जाऊन परत डावीकडे नेता येतं, हे मला माहीत आहे. माझ्या मावशीला माहीत नाही.

मावशी मिरजेत असते. शाळेच्या ऑफिसात कारकून होती, आता भिशी चालवते. तिचा लॅपटॉप २०१६ चा. विंडोज १० चे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नोंदणी केली तर घरगुती ग्राहकाला आणखी वर्षभर मिळतात, पण ही सोय तिला कुणी सांगितली नव्हती. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि साधारण २०१७ नंतरचा, यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. तिच्या यंत्रात पहिलं होतं, दुसरं नव्हतं. दुकानदारानं एका वाक्यात निकाल लावला : "मावशी, हा आता भंगारात." कीबोर्ड धड, स्क्रीन धड, बॅटरीसुद्धा दोन तास टिकणारी.

त्या दिवाळीत मी पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन गेलो. हार्ड डिस्कला हात न लावता आधी तिथूनच चालवून दाखवलं. मावशीनं काही विचारलं नाही. माउस डाव्या कोपऱ्यात नेला, दाबला, मेनू उघडला. तिथंच उघडतो तो. मग भिशीची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली. आधी बेरीज तपासली, जुळली. "अक्षरं जरा वेगळी दिसतायत रे," एवढंच म्हणाली.

मला धास्ती होती मराठी टायपिंगची. ती इन्स्क्रिप्टवर लिहिते. तिनं 'दुसऱ्या हप्त्याचे' असं टाइप केलं. शिफ्ट धरून जे दाबला की ऱ, मग डीवर हलन्त, मग य. बोटं थांबलीच नाहीत. इन्स्क्रिप्ट हा सरकारनं ठरवलेला, सगळ्यांसाठी एकच असलेला कळफलक आहे. विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, कळा त्याच जागी. म्हणजे या बाईच्या हातात जे मुरलं होतं, ते कुण्या कंपनीचं नव्हतंच.

एका मावशीवरून सिद्धांत मांडता का, असं कुणी विचारेल. नको मांडायला. केरळच्या सरकारी शाळांमधली मुलं 'काइट' या संस्थेनं बांधलेल्या ग्नू/लिनक्सवर शिकतात, तीही गेली कित्येक वर्षं. ती सगळी काही संगणकशास्त्रातली पंडित नाहीत.

उलट बाजूही सांगतो. डीटीपीवाल्याला लिनक्सवर या म्हणणं हा शहाणपणा नव्हे. त्याची वीस वर्षांची कामं पेजमेकरमध्ये आणि युनिकोडपूर्व फाँटमध्ये पडलेली आहेत. ती दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. त्याचं पोट विंडोजवर आहे. आयफोनवाल्यांचा तोरा मला आवडत नाही, पण २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेचा अपडेट मिळाला होता, हे कबूल केलंच पाहिजे. स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनला एवढं आयुष्य कुणी देत नाही. सॅमसंग आणि गूगलनं सात वर्षांचं वचन दिलं, ते आधी एस२४ आणि पिक्सेल ८ अशा महागड्या फोनांना.

म्हणून 'सोपं कुठलं' हा प्रश्नच मला फसवा वाटतो. लोक सवयीच्या गोष्टीला सोपं म्हणतात आणि सवय तर दर काही वर्षांनी वरूनच मोडली जाते. दुकानात उभं राहून विचारावं ते हे : याला अपडेट कुठल्या वर्षापर्यंत? ते संपल्यावर यात दुसरं काही घालता येईल का? माझे फोटो, माझे हिशेब दुसरीकडे उघडतील का? लिनक्सची बाजू मी घेतो ती या तीन प्रश्नांवर. तिथं यंत्र म्हातारं कधी झालं, हे बऱ्याच अंशी मालक ठरवतो.

मावशीचा प्रिंटर मात्र बिनसला. छपाई होते, स्कॅन होत नाही, आणि मी दोन संध्याकाळी घालवूनही झालं नाही. कागद स्कॅन करायला ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते. पानाला पाच रुपये घेतो तो, आणि ते ती भिशीच्या वहीत 'लॅपटॉप खर्च' म्हणून लिहिते.