वनौषधींची परीक्षा मातीपासून हवी

पेडणे तालुक्यात धारगळ येथे ११ डिसेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे लोकार्पण झाले आणि आयुर्वेदाच्या नकाशावर गोव्याला स्वतःचे स्थान मिळाले. संस्था, रुग्णालय आणि आरोग्य पर्यटन यांच्या जोडीने वनौषधींच्या लागवडीचा विचार होणे स्वाभाविकच आहे. कुळागरात सुपारी-मिरीच्या सोबतीला पिंपळी, शतावरी, अडुळसा, गुळवेल लावता येते. खाणव्यवसायाच्या चढउतारांनी होरपळलेल्या डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत तर असे पर्यायी पीक हवेच आहे. मात्र ज्या मातीत हे औषध उगवणार, तिची परीक्षा कोण करणार, हा प्रश्न या उत्साहात मागे पडतो आहे.

शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा हे चार जड धातू औषधी वनस्पतींच्या बाबतीत सर्वाधिक चिंतेचे मानले जातात. भारतीय मानकांनुसार वनौषधींमध्ये त्यांची कमाल मर्यादा दर दहा लाख भागांत अनुक्रमे १०, ०.३, ३ आणि १ भाग अशी आहे. कॅडमियमची मर्यादा एवढी कडक असण्याला कारण आहे. शरीरात शिरलेले कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे ठाण मांडून बसते. शिशाच्या बाबतीत तर निर्धोक म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय औषध हे अन्नासारखे निरोगी माणूसच खातो असे नाही. ते आजारी, वृद्ध, गर्भवती आणि बालके घेतात आणि महिनोन्महिने घेतात.

हा धोका पहिल्यांदा ठळकपणे समोर आला तो परदेशात. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास २००४ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या शुद्ध वनस्पतिजन्य औषधांसाठी धातूंची चाचणी केंद्र सरकारने सक्तीची केली. त्या वादात बराच काळ चर्चा रंगली ती रसशास्त्रातील भस्मांची. भस्मात धातू हेतुपुरस्सर घातलेला असतो. त्याची सुरक्षितता हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. परंतु २००८ मध्ये त्याच नियतकालिकातील १९३ उत्पादनांच्या पाहणीत, रसशास्त्राशी संबंध नसलेल्या उत्पादनांपैकीही सुमारे १७ टक्क्यांत धातू सापडले. ज्या औषधात कोणी धातू घातलाच नव्हता, तिथे तो आला कुठून? कारखान्यातील यंत्रे, दळण, भेसळ ही त्याची काही उत्तरे आहेत. माती, पाणी आणि धूळ हे आणखी एक उत्तर आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

गोव्याच्या मातीबद्दल बोलताना घाईने निष्कर्ष काढणे योग्य नाही. आपल्या खाणींचा माल मुख्यतः लोह आणि मँगनीज. वर उल्लेखलेल्या चार धातूंत या दोहोंचा समावेश नाही. त्यामुळे खाणपट्ट्यातील प्रत्येक रोप विषारी, असे म्हणणे हा बागायतदारांवर अन्याय ठरेल. उलट आपल्या तांबड्या जांभ्या मातीतील लोहाची संयुगे शिसे आणि आर्सेनिक यांना काही प्रमाणात धरून ठेवतात. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मुसळधार पावसाने धुपलेली ही माती आम्लधर्मी असते आणि मातीचा सामू जसजसा उतरतो, तसतसे कॅडमियम मोकळे होऊन मुळांच्या हाती लागते. पाणथळ जागी तर गणितच बदलते. साचलेल्या पाण्यात लोहाची संयुगे विरघळू लागतात आणि त्यांनी धरलेले आर्सेनिक सुटते. वेखंड आणि ब्राह्मी यांना नेमकी अशीच ओल प्रिय असते.

धातू येण्याच्या वाटाही खाणीपुरत्या मर्यादित नाहीत. स्फुरदयुक्त खतांतून कॅडमियम हळूहळू शेतात साठते. शहरी कचऱ्यापासून बनवलेल्या खतात जुन्या बॅटऱ्या आणि रंगांचे अंश असू शकतात. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले, पण वर्दळीच्या रस्त्यांच्या कडेला तेव्हा साचलेले शिसे अजून मातीत असू शकते, कारण धातू कुजत नाही आणि उडूनही जात नाही. वनौषधींचा मोठा भाग आजही रानातून, बांधावरून आणि रस्त्याकडेने गोळा केला जातो, हे इथे ध्यानात घ्यावे लागते.

वनस्पतीगणिकही फरक पडतो. शिसे बहुधा मुळांतच अडकते, तर कॅडमियम पानांपर्यंत पोहोचते. म्हणजे शतावरीसारख्या मूलौषधीला एक धोका, अडुळशासारख्या पर्णौषधीला दुसरा. त्यात वाळवण्याचा गुणाकार येतो. पाच किलो ओल्या पाल्याचा एक किलो सुका पाला झाला तर पाणी जाते, धातू मात्र तेवढाच राहतो. प्रमाण पाचपट होते. काही वनस्पती तर धातू शोषण्यात इतक्या तरबेज आहेत की दूषित जमीन सावरण्यासाठीच त्या लावतात. खाणींच्या ढिगाऱ्यांची धूप रोखण्यासाठी वाळा लावण्याची पद्धत जगभर रुळलेली आहे. ते काम स्तुत्यच. पण तोच वाळा पुढे सरबतात किंवा काढ्यात जाणार नाही, याची व्यवस्था कुठे आहे?

खरी उणीव इथेच दिसते. आपली नियमावली औषधाकडे पाहते ती बाटलीत भरल्यावर. मृद् आरोग्य पत्रिका २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळते. तिच्यात बारा बाबी तपासल्या जातात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्मद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब या त्या बाबी. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांपैकी एकही त्यांत नाही. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम जुलै २०२५ मध्ये आले, पण खाणकामातून होणारे प्रदूषण त्यांच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे. लागवड आणि संकलनाच्या उत्तम पद्धतींची मार्गदर्शक तत्त्वे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच दिली. दूषित जागा टाळा, असे ती स्पष्ट सांगतात. मात्र मार्गदर्शन म्हणजे बंधन नव्हे. परिणामी माल नाकारला जातो तो अगदी शेवटच्या टप्प्यावर. तोवर दहा गावांचा पाला एकाच पोत्यात मिसळलेला असतो. दोष कोणत्या मळ्याचा हे कळत नाही आणि भुर्दंड सगळ्यांनाच बसतो.

यावर उपाय आहेत आणि ते आवाक्यातले आहेत. लागवडीसाठी अनुदान देण्यापूर्वी त्या जमिनीची चार धातूंसाठी एकदा चाचणी व्हावी आणि तिचा खर्च सरकारने उचलावा. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेसारखी यंत्रणा राज्यात आहे. तिच्या साहाय्याने वनौषधींस योग्य आणि अयोग्य जमिनींचा नकाशा तयार करता येईल. आम्ल जमिनीत चुना आणि चांगले कुजलेले सेंद्रिय खत घातल्यास कॅडमियमची उचल घटते. जिथे शंका असेल तिथे मुळे-पानांऐवजी फळांची किंवा लाकडाची पिके निवडता येतात. माल गोळा करताना प्रत्येक पोत्यावर गाव आणि मळ्याची नोंद राहिली, तर दोष सापडतो आणि चांगला माल पिकवणाऱ्याला चांगला भावही मागता येतो. ढिगाऱ्यांवर लावलेल्या वनस्पती औषधी बाजारात जाणार नाहीत, ही जबाबदारी पट्टाधारकावर लेखी टाकली पाहिजे. लिलावानंतर खाणी टप्प्याटप्प्याने सुरू होत असताना ही अट घालण्याची वेळ आताच आहे.

यात परंपरेला परके असे काहीच नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमीच्या परीक्षेला स्वतंत्र अध्याय आहे. खड्ड्यांची, वारुळांची, स्मशानाची जमीन औषधीसाठी वर्ज्य करावी, असे तो सांगतो. त्या काळी डोळ्यांना दिसेल तेवढे ग्रंथकाराने सांगितले. न दिसणारे मोजण्याची साधने आज आपल्यापाशी आहेत. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्या राज्याने निदान तेवढी तरी शास्त्राज्ञा पाळावी. अन्यथा आज बागायतदाराला पर्याय म्हणून दिलेले पीक उद्या प्रयोगशाळेच्या दारातून परत येईल. आणि जे परत येणार नाही, ते रुग्णाच्या पोटात जाईल.