लस घेतली, तरी झालाच ना?

दिवाळीच्या अंकात चकली-चिवडा सोडून रोगराईचा विषय काढणे शोभत नाही, हे मला कळते. पण २०२१ सालापासून एक वाक्य माझा पिच्छा सोडीत नाही. लग्नाच्या पंगतीत म्हणा, एस.टी.च्या थांब्यावर म्हणा, नाहीतर न्हाव्याच्या दुकानात म्हणा, करोनाचा विषय निघाला की कोणीतरी गृहस्थ मान हलवून म्हणतातच, "अहो, लस घेतली, तरी झालाच ना?" आणि बाकीची मंडळी कीर्तनातल्यासारख्या माना डोलावतात.

वाक्य खोटे नाही. लस घेतलेल्या पुष्कळांना तो झाला. पण त्यावरून जे अनुमान काढले जाते ते सपशेल चुकीचे आहे, आणि त्या चुकीपायी माणसे गेली आहेत. म्हणून आजचे पान त्या वाक्यासाठी.

आधी ज्या अवताराने हे वाक्य जन्माला घातले त्या डेल्टाची ओळख करून घेऊ. २०२१च्या फेब्रुवारीत, पहिली लाट ओसरली म्हणून मंगल कार्यालये पुन्हा भरू लागली होती, आणि तेवढ्यात अमरावती-अकोल्याकडे रुग्ण एकाएकी वाढू लागले. विदर्भातल्या नमुन्यांत बदललेला विषाणू आढळला. त्याच घराण्यातला एक भाऊबंद पुढे सगळ्यांना भारी ठरला. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला ग्रीक वर्णमालेतले चौथे अक्षर बहाल केले. हाच डेल्टा. मूळचा विषाणू एका माणसाकडून सरासरी दोघातिघांकडे जाई. हा पाचसहांकडे जाई. फरक फारसा वाटत नाही ना? हिशेब मांडा. एकाचे दोन, दोनाचे चार असे चार वेळा केले तर सोळा होतात. एकाचे पाच, पाचाचे पंचवीस असे चार वेळा केले तर सहाशे पंचवीस. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देशात दिवसाला चार लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जात होते ते या पाढ्यामुळे.

आता माझ्या घरची गोष्ट. कोल्हापुरात माझे दोन आतेभाऊ एकाच घरात राहत. थोरले अण्णा निवृत्त शिक्षक, वय सहासष्ट. धाकटे बापू एकोणसाठचे, गुळाची अडत चालवीत; पहाटे तालमीत जाऊन यायचा नेम कधी चुकला नाही. अण्णांनी मार्चमध्ये पहिला आणि जूनमध्ये दुसरा डोस घेतला. बापूंना एप्रिलपासून मुभा होती, पण त्यांचे म्हणणे एकच : "पलीकडच्या गल्लीतल्या पाटलांनी दोन्ही घेतल्या, तरी झालाच न्हवं? मग दंडाला भोकं कशाला पाडून घ्यायची?" जुलैत डेल्टा घरात शिरला आणि दोघांनाही धरून बसला. अण्णांना चार दिवस ताप आला, तोंडाची चव गेली, पोह्यांत मीठ नाही म्हणून वहिनींशी त्यांनी वाद घातला आणि ते उठून बसले. बापूंना आठव्या दिवशी प्राणवायू लावावा लागला. तेरा दिवस ते इस्पितळात होते. परत आले नाहीत.

ही गोष्ट ऐकून कोणी गहिवरून म्हणेल, "पाहा, पटले की नाही लसीचे महत्त्व?" पण थांबा. बापू ज्या चुकीच्या वाटेने गेले, त्याच वाटेने मी तुम्हांला नेऊ इच्छीत नाही. त्यांनी पाटलांवरून ठरवले. मी अण्णांवरून ठरवायला सांगितले तर आमच्यात फरक काय उरला? एका घराच्या हकिगतीवरून शास्त्र ठरत नसते. त्याला मोजदाद लागते.

मोजदादीतही फसगत असते ती कशी, ते पाहा. जुलैच्या पावसात मुंबईला फोर्टात उभे राहा आणि भिजलेली माणसे मोजा. त्यांतल्या बहुतेकांच्या हातांत छत्री दिसेल! म्हणून छत्रीने माणूस भिजतो असे कोणी म्हणत नाही, कारण सगळ्या मुंबईच्या हातांत त्या दिवशी छत्री असते, हे आपल्याला ठाऊक आहे. आता एक हजार वस्तीचे गाव घ्या. नऊशेंनी लस घेतली, शंभरांनी नाही. लस न घेतलेल्या शंभरांपैकी दहाजण इस्पितळात गेले. लसीने हा धोका दशांशावर आला असे धरा, म्हणजे नऊशेंपैकी गेले नऊ. इस्पितळात एकूण एकोणीस खाटा भरल्या, त्यांतल्या नऊ लसवाल्यांच्या. गावात बोंब उठली : "निम्मे रोगी लस घेतलेले!" पण लस नसती तर या नऊशेंतून नव्वद गेले असते, हे कोणाच्या डोळ्यांना दिसणार? जे इस्पितळात गेलेच नाहीत त्यांची बातमी कधी छापून येत नाही.

अमेरिकेत नेमके हेच घडले. जुलै २०२१मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्रॉव्हिन्सटाऊन या समुद्रकाठच्या गावी सुटीसाठी गर्दी लोटली आणि डेल्टा पसरला. त्या राज्यातल्या ४६९ बाधितांपैकी ३४६ जणांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. म्हणजे चारांत तीन! वर्तमानपत्रांनी हा आकडा जगभर नेला. इस्पितळात फक्त पाचजण दाखल झाले आणि मृत्यू एकही नोंदला गेला नाही, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

इंग्लंडमध्ये डेल्टाविरुद्ध लसीचे बळ नीट मोजले गेले. आपली कोविशील्ड ही मूळ ऑक्सफर्डचीच लस. तिचे तिथले आकडे असे. एका डोसावर भिस्त ठेवली तर लक्षणांसह आजार टाळण्याचे बळ शंभरात तीसच्या आसपास. दोन डोसांनंतर ते सदुसष्टच्या आसपास. म्हणजे लस न घेतलेले शंभर आजारी पडतील तिथे घेतलेले तेहतीस पडणार. पाटील त्या तेहतिसांतले. पण इस्पितळाची पाळी टाळण्याचे बळ दोन डोसांनंतर शंभरात ब्याण्णव निघाले. झालाच ना, हे खरे. कितपत झाला, हे विचारायचे राहून जाते.

असे का होते? लसीने रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, पण नाकाघशाच्या उंबरठ्यावर त्यांचा पहारा काही महिन्यांत विरळ होतो. डेल्टा तर फार घाईचा. शिरल्यावर चारेक दिवसांतच त्याची संख्या बेसुमार वाढे. तेव्हा तो उंबरठा ओलांडतो. मात्र शरीरातल्या काही पेशी शत्रूची ओळख जपून ठेवतात. त्यांना जागे व्हायला थोडे दिवस लागतात, पण विषाणू फुप्फुसात ठाण मांडण्याआधी त्या बहुधा पोहोचतात. अण्णांचे ते चार दिवस बहुधा या जागे होण्याचेच.

हा हिशेब मुंबईला नवा नाही. १८९६ साली शहरात प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका ओसरीवजा जागेत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली गेली. न टोचलेल्यांत बारा आजारी पडले, सहा दगावले. टोचलेल्यांत दोन आजारी पडले, दगावला एकही नाही. त्या दोघांकडे बोट दाखवून "टोचूनही झालाच ना" म्हणणारे त्या काळीही असतीलच!

असो. सगळा दोष न घेणाऱ्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. एप्रिल २०२१च्या अखेरीस दोन्ही डोस झालेली माणसे देशात शंभरात दोनच्या आसपास होती. १ मे रोजी अठरा वर्षांवरील सर्वांना दार उघडले आणि १२ मे रोजी महाराष्ट्रात चव्वेचाळीसपर्यंतच्या वयाचे लसीकरण तुटवड्यापायी थांबवावे लागले. घेण्याची इच्छा असून पहाटेपासून रांगेत उभे राहून रिकाम्या हाताने परतलेले म्हातारे मी पाहिले आहेत. त्यांच्यापुढे लसीचे महत्त्व सांगायला मला तरी तोंड नव्हते.

पुढे नोव्हेंबर २०२१मध्ये ओमायक्रॉन आला आणि वेगात त्याने डेल्टालाही मागे टाकले. बाधा रोखण्याचे लसीचे बळ त्याने बरेच खाली आणले. जीव राखण्याचे बळ पुष्कळ अंशी टिकले आणि तिसऱ्या डोसाने ते पुन्हा वाढले. ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले, पण विषाणू काही निघून गेलेला नाही. साठी ओलांडलेल्यांनी, मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनी पुढच्या डोसाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. न्हाव्याच्या दुकानात विचारू नये.

अण्णांनी २०२२च्या मार्चमध्ये तिसरा डोस घेतला. अडत आता बापूंचा मुलगा पाहतो. स्कूटरवर मागे बसवून त्यानेच त्यांना केंद्रावर नेले होते.