नातवाचे ग्राफिक्स कार्ड आणि आजोबांच्या गोळ्या



रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी, विसराळूपणा अशा विषयांवर या सदरातून आपण वरचेवर बोलत असतो. आज मात्र मी संगणकाच्या एका सुट्या भागाविषयी बोलणार आहे. आरोग्याच्या पानावर या वस्तूचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर माझ्या दवाखान्यातील एका प्रसंगात आहे. संबंधित कुटुंबाची अनुमती घेऊन आणि ओळख पटणार नाही अशी काळजी घेऊन तो सांगतो.

आमगावकडच्या एका खेड्यातील आजोबा चक्कर येते म्हणून आले होते. आयुष्यभर राईस मिलमध्ये हिशेब लिहिलेले गृहस्थ. मासिक निवृत्तिवेतन अगदी तुटपुंजे. सोबत नातू होता. रक्तदाब मोजला, तो १९०/११० निघाला. वर्षानुवर्षे नियमित गोळ्या घेणाऱ्या या रुग्णाचा रक्तदाब एवढा का चढावा, हे मला कळेना. नातू बाहेर केसपेपरचे पैसे भरायला गेला, तेव्हा आजोबा हळूच म्हणाले, "दोन महिने झाले, एक दिवसाआड गोळी घेतो जी. पोरानं कार्ड घेतलं हप्त्यावर. हप्त्यातले सातशे मी देतो म्हटलं. पोराचं मन मोडवलं नाही."

हे कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड. किंमत तीस हजार रुपये, हप्ते बारा, प्रत्येक हप्ता २,८०० रुपयांचा. म्हणजे तीस हजारांच्या वस्तूला तेहतीस हजार सहाशे. त्यातील सातशे रुपये दरमहा आजोबांच्या गोळ्यांतून जात होते. हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, नातवालाही नाही.

आपल्या जिल्ह्यात तीस हजार रुपये म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलमागे २,३६९ रुपये होती. त्या हिशेबाने हे कार्ड साडेबारा क्विंटलांहून अधिक धानाचे झाले. त्यात कधी अवकाळी पाऊस, कधी तुडतुडा, आणि धान केंद्रावर घातल्यानंतरही चुकाऱ्याची वाट पाहणे आलेच. अशा तंगीच्या दिवसांत घरातील मुलगा खेळासाठी एवढी महाग वस्तू मागतो, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मनात दोनच उत्तरे येतात. एक, "हे कसले थेर!" दुसरे, "जाऊ दे, मी भागवतो." ही दोन्ही उत्तरे वस्तू समजून न घेता दिलेली असतात. म्हणून आधी ती समजून घेऊ.

संगणकाचा पडदा असंख्य बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. खेळातील चित्र हलते दिसावे यासाठी ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागते. म्हणजे एका सेकंदात बारा कोटींहून अधिक ठिपके. संगणकाचा मुख्य प्रोसेसर कितीही हुशार असला तरी तो चार-आठ कसबी माणसांसारखा आहे. ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही. आपल्याकडची रोवणी आठवा. बांधीत बायका एका रांगेत उभ्या राहतात, प्रत्येकीच्या हातात पऱ्ह्याची जुडी असते आणि साऱ्या एकाच वेळी आपापली ओळ लावीत मागे सरकतात. एकेकीचे काम सोपे असते. पण सगळ्या मिळून दुपारपर्यंत बांधी हिरवी करतात. ग्राफिक्स कार्डात अशा हजारो 'रोवणाऱ्या' एकाच वेळी काम करीत असतात.

त्याची किंमत का वाढते, हेही याच दाखल्यावरून उमगेल. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितांनाही नेमकी हीच रांग लागते. जगातील बलाढ्य कंपन्या त्यासाठी प्रचंड संगणक केंद्रे उभारीत आहेत. मोठ्या बागायतदाराने दुप्पट मजुरी देऊन गावातील सगळ्या बायका आपल्या बांधीवर नेल्या, तर लहान शेतकऱ्याची रोवणी खोळंबते आणि मजुरीही चढते. येथेही तसेच झाले आहे. कार्डावर स्वतःची स्मृती, म्हणजे मेमरीच्या चिप, बसविलेली असते. जगातील बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवितात. त्यांचा माल मोठ्या प्रमाणावर संगणक केंद्रांकडे वळल्यामुळे २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांसाठी असलेली आपली 'क्रुशल' ही नाममुद्रा बंद करीत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्याच महिन्यात एका डॉलरचा भाव प्रथमच नव्वद रुपयांपलीकडे गेला. ही कार्डे परदेशातून येतात, त्यामुळे रुपया घसरला की ती आपोआप महागतात आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो.

म्हणजे मागील महिन्यात दुकानदाराने सांगितलेला भाव या महिन्यात वाढला, तर त्यात नातवाची लबाडी नाही आणि दुकानदाराचीही असेलच असे नाही. "तू आम्हाला फसवतोस" हा आरोप ओठावर आला असेल, तर तो तेथेच थांबवावा.

अशी वेळ यापूर्वीही येऊन गेली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडिया कंपनीने आरटीएक्स ३०६० हे कार्ड ३२९ डॉलर या किमतीला बाजारात आणले. पण टाळेबंदीच्या त्या काळात चिपचा तुटवडा होता आणि इथेरियम नावाचे आभासी चलन मिळविण्यासाठी लोक शेकड्यांनी कार्डे विकत घेत होते. अनेक ठिकाणी तेच कार्ड दुपटीच्या आसपास विकले गेले. पुढे २०२२ मध्ये भाव उतरू लागले, आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली कार्यपद्धती बदलल्यावर त्या चलनासाठी ग्राफिक्स कार्डांची गरजच उरली नाही. ज्यांनी धीर धरला त्यांचे हजारो रुपये वाचले. या वेळी भाव केव्हा उतरतील हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. परंतु चढत्या भावाच्या भीतीने घाईघाईत कर्ज काढणे शहाणपणाचे नाही, एवढे त्या अनुभवावरून निश्चित म्हणता येते.

आता नातवाच्या बाजूनेही पाहू. आमगावच्या त्या मुलाचे बरोबरीचे मित्र कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला कामाला गेले. गावात तो एकटा उरला. रात्री नऊ वाजता चौघे मित्र आपापल्या ठिकाणाहून एकाच खेळात भेटतात, बोलतात, हसतात. पूर्वी आपण पारावर बसत होतो, तसाच हा त्यांचा पार. शिवाय हाच मुलगा नोव्हेंबरात आजोबांचे जीवन प्रमाणपत्र मोबाइलवरून भरून देतो आणि दवाखान्यात मोटारसायकलवर घेऊन येतो. त्याच्या आवडीला थेर म्हटले की तो फक्त दार लावून घेतो, बदलत काहीच नाही.

मग काळजी केव्हा करावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराचा समावेश आहे. त्याची लक्षणे तीन. खेळण्यावरील ताबा सुटणे; जेवण, झोप, शिक्षण, नातीगोती या सर्वांपेक्षा खेळ मोठा होणे; आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे. ही अवस्था साधारणपणे बारा महिने टिकून असेल आणि तिच्यामुळे रोजचे जीवन विस्कटले असेल, तरच तो विकार मानला जातो. खेळणाऱ्या बहुसंख्य मुलांना तो नसतो. शंका वाटल्यास १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही शासकीय सेवा दिवसरात्र विनामूल्य सल्ला देते आणि मराठीतूनही बोलता येते.

आणखी एक भेद आपण ध्यानात ठेवावा. पैसे लावून खेळायचे मोबाइलवरील खेळ ही निराळी गोष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने अशा खेळांवर बंदी घातली आहे. ग्राफिक्स कार्डावर चालणारे मोटारींच्या शर्यतीचे वा लढाईचे खेळ त्यांत मोडत नाहीत. म्हणून "जुगार खेळतोस काय?" असे न विचारता "या खेळात पैसे लावावे लागतात काय?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने भांडण होते, दुसऱ्याने माहिती मिळते.

कार्डाची मागणी घरात आली, तर काय करावे? प्रथम विचारावे की, सध्याच्या संगणकावर काय अडते? पुष्कळदा पंख्यात धूळ साचलेली असते. ती काढून, आतील उष्णता वाहून नेणारा लेप नव्याने लावला की जुने कार्डही वर्षभर तग धरते. खेळातील चित्राची स्पष्टता एक पायरी कमी केली तरी तोच खेळ चालतो. थोड्या जुन्या खेळांना तर नव्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सही पुरते. वापरलेले कार्ड घ्यायचेच असेल, तर ते दुकानात निदान अर्धा तास चालवून, तापते किती आणि पंखा फिरतो कसा हे पाहूनच घ्यावे. 'बिनव्याजी' हप्त्यांत प्रक्रिया शुल्क किती, हे कागदावर लिहून मागावे. अनोळखी कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला मात्र मुळीच जाऊ नये.

आणि आता माझ्या वयोवृद्ध वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचे. रक्तदाब वाढला की दर वेळी डोके दुखते वा चक्कर येते, असे नाही. तो मुकाट्याने मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांवर घाव घालीत असतो. एक दिवसाआड गोळी घेणे म्हणजे अर्धा उपचार नव्हे. काही गोळ्या एकाएकी थांबविल्यास रक्तदाब उसळतो आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेणेही तितकेच चुकीचे. औषधाचा खर्च झेपत नसेल, तर तो न लाजता डॉक्टरांना सांगावा. जनऔषधी केंद्रात तीच औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात, आणि शासकीय रुग्णालयांत रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या मोफत दिल्या जातात. नातवाला द्यायचेच असेल, तर औषध, दूध, भाजी आणि अडीअडचणीची शिल्लक बाजूला काढून उरेल त्यातून द्यावे. आणि जे देऊ ते घरात सर्वांना सांगून द्यावे. लपवून केलेला त्याग पुढे त्या मुलाच्याच मनावर ओझे होऊन बसतो.

काळजीवाहक वाचकांनी महिन्यातून एकदा गोळ्यांच्या पट्ट्या मोजाव्यात. तीस दिवसांची पट्टी पंचेचाळीस दिवस पुरत असेल, तर रागावण्याआधी कारण विचारावे. विस्मरण असेल, कंटाळा असेल, किंवा असे एखादे न सांगितलेले सातशे रुपये असतील.

त्या दिवशी मी आजोबांची संमती घेऊन नातवाला आत बोलावले आणि सारे सांगितले. तो बराच वेळ खाली मान घालून बसला. कार्ड घेऊन झाले होते, हप्ते सुरू होते. त्याने ते परत करण्याचा प्रयत्न केला. दुकानदाराने घेतले नाही. मग गावातील शाळकरी मुलांच्या शिकवण्या धरून तो आपला पूर्ण हप्ता भरू लागला. आजोबांच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आता तोच दर रविवारी भरतो. रात्री नऊचा खेळ चालू आहे, त्याआधी आजोबांनी गोळी घेतली की नाही, हे तो पाहतो.

मागील भेटीत आजोबांचा रक्तदाब १४८/८६ होता. अजून थोडा उतरायला हवा. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावले आहे.