वेशामागचं कारण
वाफेच्या इंजिनांच्या युगातच विमानं उडाली असती तर वैमानिक कसा दिसला असता, या कल्पनेतून स्टीमपंक वैमानिकाचा वेश घडतो. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तो घरीच करता येतो. सामानासाठी लातूरच्या गंजगोलाईचा किंवा नांदेडच्या वजिराबादचा बाजार पुरेसा आहे. वेल्डिंगचा गोल चष्मा घ्या, त्यात काळ्याऐवजी साध्या काचा बसवा. तपकिरी रेक्झिनची कानटोपी शिवा, बंद घड्याळाची पितळी चक्रं तिच्यावर टाचा. पण आधी कारणं समजून घ्या. जुन्या उघड्या विमानांत वारा बोचायचा, इंजिनातलं एरंडेल तोंडावर उडायचं, म्हणून चष्मा. सतत वळणारी मान कॉलरला घासू नये, म्हणून रेशमी गळपट्टा. मुलांना तयार वेश भाड्याने आणून देऊ नका, सुई-दोरा हातात द्या.