पांढरी साडी, सावळा चेहरा आणि फ्लॅश

नवी मुंबईत आठवडाभर कारखान्यात पाळी करून रविवारी लग्नाच्या ऑर्डरी घेणारे तरुण आपल्या वस्त्यांतून पुष्कळ आहेत. कॅमेरा हप्त्याने घेतलेला असतो. पुढचा प्रश्न असतो तो वेगळ्या फ्लॅशचा. कोणता घ्यावा आणि कसा वापरावा?

आधी आपल्या लग्नाची अडचण पाहू. वधू-वर दोघेही पांढऱ्या वस्त्रांत आणि चेहरे बहुधा सावळे. आपोआप प्रकाश मोजणारी, म्हणजे टीटीएल पद्धत, साडीचा पांढरेपणा पाहून फसते. प्रकाश फार झाला असे समजून ती फ्लॅशचा जोर कमी करते. साडी करडी येते आणि नवरीचा चेहरा काळवंडतो. मग लॅबवाला तो चेहरा पिठासारखा गोरा करून देतो, आणि सासरचेच नव्हे तर आईसुद्धा अल्बम पाहून म्हणते, ही आमची पोरगी नव्हे!

दोष चेहऱ्याचा नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी गोऱ्या बाईचे छायाचित्र असलेले कार्ड देत असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. निरनिराळ्या वर्णांचे चेहरे असलेली कार्डे १९९० च्या दशकात आली. तोवर जगभरच्या सावळ्या माणसांचे फोटो गोऱ्या कातडीच्या मापाने धुतले जात होते. आता कॅमेरा डिजिटल आहे, माप आपल्या हाती आहे. फ्लॅश कॉम्पेन्सेशन अधिक पाऊण ते अधिक एकवर ठेवावे. पडद्यावर फोटो मोठा करून पाहावा. चेहरा खुलला आणि साडीच्या चुण्याही दिसतात, एवढे जमले म्हणजे झाले.

खरेदीच्या वेळी खोक्यावरचा आकडा पाहून भुलू नये. ‘गाइड नंबर ६०’ असे लिहिलेले असते, पण तो आयएसओ १०० वर आणि फ्लॅशचा झूम २०० मिलिमीटरवर मोजलेला असतो. स्टेजवरच्या घोळक्यासाठी झूम ३५ वर आणला की जोर बराच उतरतो. आमच्या मते पहिली अट एकच : डोके वर आणि दोन्ही बाजूंना वळले पाहिजे. गोडॉक्स कंपनीचा टीटी६०० स्वस्त पडतो, पण कॅमेऱ्यावर लावला की त्याचा जोर हातानेच ठरवावा लागतो. टीटी६८५ मध्ये टीटीएल आहे; तो घेताना आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीचाच नमुना मागावा. लग्नात माणसे सारखी पुढे-मागे होतात, आणि अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. म्हणून ऑर्डरीचे काम करणाऱ्याने टीटीएल घ्यावा. घरच्या बारशाला, वाढदिवसाला हातचा चालतो.

जुना माल पाहायला फोर्टातल्या बोरा बाजारात जाणारे आहेत. जरूर जावे, पण फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर सरळ चढवू नये. त्यातल्या काहींच्या खालच्या टोकाला दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो. शंभर रुपये वाचवायला जाऊन कॅमेरा जळायचा.

सिडकोच्या घरात पांढरे छत डोक्यावरच असते. फ्लॅशचे डोके तिकडे वळवले की प्रकाश छतावरून पसरून मऊ उतरतो, भिंतीवर काळी सावली पडत नाही. यात प्रकाश बराच खर्ची पडतो, तेव्हा आयएसओ ८०० पर्यंत न्यावा. मांडवात मात्र ही युक्ती अंगाशी येते. वर निळे कापड ताणलेले असेल तर त्यावरून परतलेला प्रकाश निळा होतो, आणि पांढरी साडी नीळ जास्त झाल्यासारखी दिसते. तिथे डोके वर करून मागे पांढरा पुठ्ठा रबराने बांधावा आणि कापडाकडे जाणारा प्रकाश अडवावा.

स्टेजवर तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची काचेची तसबीर असते. समोरून फ्लॅश मारला की काचेत पांढरा गोळा उठतो आणि नेमका बाबासाहेबांचा चेहरा त्यात जातो. प्रकाश ज्या कोनात काचेवर पडतो त्याच कोनात परततो. म्हणून दोन पावले बाजूला सरकून फोटो घ्यावा. आजोबांच्या चष्म्यालाही हेच लागू आहे.

मेणबत्त्यांचा उजेड फोटोत हवा असेल तर शटर साठावर आणावे, फ्लॅश मंद ठेवावा. उलट शटर अडीचशेच्या पुढे नेले तर बहुतेक कॅमेऱ्यांत चौकटीत काळा पट्टा येतो. भन्तेजी त्रिसरण-पंचशील देत असताना तोंडासमोर लखलखाट करू नये. तेवढा वेळ फ्लॅश बंद ठेवून आयएसओ वाढवावा.

सेल चार लागतात. रिचार्जचे निकेल-मेटलचे दोन संच ठेवावेत आणि चारी सेल नेहमी एकाच संचातले घालावेत. लगोलग वीस-पंचवीस फ्लॅश मारले की डोके तापते, तेव्हा पाहुण्यांची रांग थोडी थांबवावी.